सही नसलेला इन्स्टॉलर

आमच्या संस्थेतलं क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले सर्व्हर, त्या रात्रीपासून नुसत्या पासवर्डवर उघडणार नव्हतं. आधी कर्बेरॉसचं तिकीट घ्यायचं आणि मग लॉगिन करायचं, असं ठरलं होतं. कर्बेरॉस म्हणजे नेटवर्कवर ओळख पटवायची पद्धत; ओळख पटली की ती ठरावीक वेळ चालणारं डिजिटल तिकीट देते. सूचना सगळ्यांना बऱ्याच आधी गेल्या होत्या, पण बहुतेकांना जाग आली ती शेवटच्या दिवशी. सकाळपासून आमच्या खोलीबाहेर लॅपटॉप घेऊन लोक उभे होते. कुणाकडे विंडोज, कुणाकडे मॅक, कुणाकडे कधीकाळी कुणीतरी टाकून दिलेलं लिनक्स.

त्यातच एका सहकाऱ्यानं सगळ्यांच्या ग्रुपवर कर्बेरॉसच्या इन्स्टॉलरची एक लिंक टाकली. ‘आयटीच्या सूचना वाचत बसू नका, विंडोजवाल्यांनी यावर क्लिक करा, लगेच होतं.’ हेतू चांगलाच होता. लोकांचा वेळ वाचावा म्हणून बिचाऱ्यानं शोधून काढली होती. पण लिंक कर्बेरॉस बनवणाऱ्या एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या पानाची नव्हती. फुकट सॉफ्टवेअर गोळा करून वाटणाऱ्या एका साइटची होती.

मी ती फाइल वेगळ्या मशीनवर उतरवली आणि न चालवता फक्त पाहिली. एमआयटी विंडोजसाठीचं कर्बेरॉस एमएसआय प्रकारच्या पॅकेजच्या रूपात देते. इथे ईएक्सई प्रकारची फाइल होती. नाव तेच, आयकॉन तोच, आकार मात्र बराच मोठा. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. बनवणाऱ्यानं डिजिटल सही केलेल्या फाइलला तिथे ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असा टॅब दिसतो. या फाइलला तो टॅबच नव्हता.

मी ग्रुपवर ‘कुणीही चालवू नका’ असं लिहिलं आणि त्या सहकाऱ्याला बोलावून घेतलं. तो आला तो जरा दुखावलेलाच.

“सर, मी हॅश तपासलाय. त्याच पानावर दिलाय. विंडोजचं सर्टयूटिल चालवून बघितलं, अक्षर न अक्षर जुळतंय.”

त्यानं खरंच तपासलं होतं, आणि इतकं करणारी माणसंही थोडी असतात. म्हणून मी त्याला खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा; तो जुळला याचा अर्थ एवढाच, की त्या पानानं जी फाइल द्यायची ठरवली तीच आपल्याकडे पोहोचली, वाटेत तुटली-फाटली नाही. ती मूळ कर्त्याची आहे का, हे हॅश सांगत नाही. ज्याला पानावरची फाइल बदलता येते, त्याला शेजारचा हॅश बदलायला कितीसा वेळ लागणार? २०१६ च्या फेब्रुवारीत लिनक्स मिंट या लिनक्सच्या खुद्द अधिकृत साइटमध्ये शिरून कुणीतरी डाउनलोडच्या लिंका मागचं दार, म्हणजे आत शिरायची छुपी वाट, असलेल्या आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या) फाइलीकडे वळवल्या होत्या. तिथे तर पत्ताही बरोबर होता. म्हणून खात्री करायची ती फाइलच्या वाटेनं न आलेल्या कशावरून तरी करायची.

“पण कर्बेरॉसमध्ये पासवर्ड नेटवर्कवर जातच नाही ना?” त्याचा पुढचा प्रश्न. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्यातच सगळं आहे. पासवर्ड जात नाही हे खरं. आपण टाइप केलेल्या पासवर्डवरून आपल्याच मशीनवर एक की, म्हणजे गुप्त किल्ली, तयार होते, सर्व्हरकडून आलेला जबाब त्या कीनं उलगडतो, आणि पुढचं सगळं काम तिकिटावर चालतं. आमच्याकडे तिकीट दहा तास टिकतं. तारेवर कान लावून बसलेल्याच्या हाती पासवर्ड लागत नाही. एमआयटीच्या अथेना प्रकल्पात १९८० च्या दशकात हे घडवलं गेलं ते याचसाठी. पण तो पासवर्ड टाइप कुठे होतो? याच प्रोग्रॅमच्या चौकटीत. ही चौकटच परकी असेल तर तारेवरची सगळी राखण फुकट. बेलोव्हिन आणि मेरिट या संशोधकांनी कर्बेरॉसच्या मर्यादा मांडताना १९९० च्या सुमारासच सांगून ठेवलंय, की वर्कस्टेशनवरचा लॉगिन प्रोग्रॅम बदलून पासवर्ड टिपून घेणं अवघड नाही. इतर एखादं सॉफ्टवेअर चुकीच्या जागेवरून घेतलं तर नुकसान होतंच, पण इथे चोराला काही शोधावंही लागत नाही. आपणच पासवर्ड आणून त्याच्या हातात देतो.

तो गप्प झाला. मग म्हणाला, “दोघांनी चालवलंय, सर. मी विचारून घेतलं.”

त्या दोघांपैकी एकीनं इन्स्टॉलर उघडला होता, पण विंडोजनं अ‍ॅडमिनची परवानगी मागितल्यावर रद्द केला होता. दुसऱ्यानं परवानगी दिली, इन्स्टॉल केलं, आणि आमच्या रेल्मचं, म्हणजे कर्बेरॉसच्या आमच्या हद्दीचं, नाव अंदाजानं घालून पासवर्ड टाइप करूनही पाहिला. तिकीट मिळालं नाही, कारण रेल्म चुकलं होतं. पासवर्ड मात्र टाइप झाला होता. दुसऱ्या दिवशी त्याला एक अहवाल द्यायचा होता आणि अर्धा मजकूर त्याच लॅपटॉपवर होता.

मी त्याला सांगितलं, की पासवर्ड आत्ताच्या आत्ता दुसऱ्या मशीनवरून बदला आणि हा लॅपटॉप नेटवर्कवरून काढा, आपण तो कोरा करून नव्यानं उभा करणार आहोत. त्याचा चेहरा उतरला. “फाइलमध्ये नक्की काही आहे का? अँटिव्हायरस तर काही म्हणत नाही.” मला ठाऊक नव्हतं, आणि ते मी त्याला स्पष्ट सांगितलं. ठाऊक होईपर्यंत थांबायचं, तर ते थांबणं धोक्याच्या बाजूनं जातं. अ‍ॅडमिनचे हक्क घेऊन चाललेल्या अनोळखी प्रोग्रॅमनं कुठे काय ठेवलं हे वरवर पाहून कळत नाही, आणि नुसतं अनइन्स्टॉल करणं म्हणजे घुसलेल्यालाच ‘तू गेलास का’ असं विचारणं. आम्ही त्याच्या फाइली बाहेरून बूट करून काढल्या, फक्त कागदपत्रं, एकही चालणारी फाइल नाही, आणि डिस्क पुसली. त्याला अहवालासाठी आमचा जादा लॅपटॉप दिला.

बाकीची रांग मात्र भराभर सरकली, कारण बहुतेकांना स्वतः शोधून काही डाउनलोड करायचंच नव्हतं. ही गोष्ट लोकांना पटवायला दरवेळी कष्ट पडतात. मॅकमध्ये कर्बेरॉस आधीपासून असतं, हाइमडाल नावाचं दुसरं रूप; तिथे फक्त आमची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये ठेवली की झालं. लिनक्सवर डेबियनच्या घराण्यात ‘केआरबी५-यूजर’, रेड हॅटच्या घराण्यात ‘केआरबी५-वर्कस्टेशन’. पॅकेज मॅनेजरला सांगायचं, सह्या तो स्वतः तपासतो. संस्थेच्या डोमेनला, म्हणजे मध्यवर्ती व्यवस्थेला, जोडलेल्या विंडोजलाही वेगळं काही लागत नाही, कारण विंडोज २००० पासून त्याचं स्वतःचं कर्बेरॉस आतच आहे. आमचे लॅपटॉप डोमेनमध्ये नव्हते म्हणून एमआयटीचं पॅकेज लागलं. ते आम्ही एकदाच मूळ पानावरून घेतलं, त्यावरची सही कुणाच्या नावाची आहे ते वाचलं, आणि तीच प्रत सगळ्यांना दिली. विंडोजवर एक खोच आहे: तिकिटांची यादी दाखवणारी ‘के-लिस्ट’ ही कमांड विंडोजची स्वतःचीही असते, आणि कमांड शोधायच्या क्रमात (पाथमध्ये) ती आधी आली तर हातात तिकीट असूनही यादी रिकामी दिसते. त्या दिवशी अशा तक्रारी बऱ्याच आल्या.

खरा वेळ गेला एका जुन्या लिनक्स सर्व्हरवर. त्याच्या भांडारातलं पॅकेज आम्हाला लागणाऱ्या सोयींसाठी फार जुनं होतं, म्हणून मूळ सोर्स कोडवरून बांधायचं होतं. टारबॉल (सोर्सची गठडी) उतरवला, सोबतच्या एएससी फाइलमधली सही उतरवली, आणि सही करणाऱ्याच्या कीशी ती ताडणारं जीपीजी चालवलं. उत्तर आलं: सही बरोबर आहे. त्याच्याच खाली इशारा, की ही की विश्वासू सहीनं प्रमाणित केलेली नाही, ती खरंच त्या माणसाची आहे याला आधार नाही. पहिली ओळ वाचून पुढे जाणारे पुष्कळ असतात. काम दुसऱ्या ओळीत असतं. कुणीही त्याच नावानं की बनवू शकतो.

दुसऱ्या संस्थेत आमच्यासारखंच काम करणाऱ्या एका ओळखीच्या मॅडम आहेत. त्यांच्याकडे ती की कित्येक वर्षांपासून होती, त्यांनी स्वतः पडताळलेली. मी फोन केला. कीचं फिंगरप्रिंट म्हणजे तिची ओळख सांगणारी हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाची) ४० अक्षरं, चारचारचे दहा गट. त्यांनी त्यांच्या पडद्यावरून वाचायचं, मी माझ्या पडद्यावर बोट ठेवून ताडायचं. शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढीच अक्षरं, पण बी, सी, डी, ई ही चारही फोनवर सारखीच ऐकू येतात. तिसऱ्या गटापाशी अडलो. “बी म्हणालात का डी?” “डी. डॉगमधला डी. थांबा, पुन्हा पहिल्यापासून वाचते.” आणि त्यांनी खरंच पहिल्यापासून वाचलं. शेवटची चार अक्षरं ताडून सोडून देणं सोपं असतं, पण शेवटची काही अक्षरं जुळणारी खोटी की बनवणं शक्य असतं, म्हणून सगळी ४० वाचायची. शेजारी तो लिंक टाकणारा सहकारी बसून ऐकत होता. मधेच त्यानं कागद ओढला आणि तोही गट लिहून घेऊ लागला.

सहीलाही मर्यादा आहेच. २०२४ मध्ये फाइली आवळणाऱ्या एक्सझेड या प्रोग्रॅमच्या टारबॉलमध्ये मागचं दार सापडलं तेव्हा सही अस्सल होती, सही करणाराच फितूर होता. पण म्हणून दाराला कडीच लावायची नाही, असं मी म्हणणार नाही. आम्ही साध्या यूजरनं कॉन्फिगर आणि मेक या बांधणीच्या पायऱ्या केल्या, चाचण्या चालवल्या, आणि फक्त शेवटच्या पायरीला रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातं, वापरलं. सगळं ‘ऑप्ट’खाली वेगळ्या फोल्डरमध्ये, सिस्टिमच्या लायब्रऱ्यांना धक्का न लावता.

संध्याकाळी एक लॅपटॉप अडून बसला. घड्याळात फार फरक आहे, अशी तक्रार. कर्बेरॉसला साधारणपणे पाच मिनिटांपलीकडचा फरक चालत नाही, नाहीतर जुनी टिपून ठेवलेली विनंती पुन्हा वापरता येईल. लॅपटॉपची मालकीण म्हणाली, “वेळ तर बरोबर आहे!” पडद्यावर बरोबरच होती. टाइमझोन चुकीचा होता आणि काटे हातानं सरकवून वेळ जुळवलेली होती, त्यामुळे आतून घड्याळ कित्येक तास चुकत होतं. झोन दुरुस्त केला, वेळ आपोआप घ्यायला लावली, तिकीट मिळालं.

त्या फाइलचा अहवाल नंतर सुरक्षा बघणाऱ्यांकडून आला. आत मूळ पॅकेज होतं आणि त्याला गुंडाळलेला जाहिराती दाखवणारा एक प्रोग्रॅम, जो प्रत्येक वेळी मशीनसोबत सुरू होत असे. पासवर्ड चोरल्याची खूण मिळाली नाही. ज्याचा लॅपटॉप पुसला होता तो हे वाचून माझ्याकडे आला. “म्हणजे पुसायची गरज नव्हती?” मी म्हटलं, होती, उद्या पुन्हा असं झालं तर पुन्हा पुसेन. त्यानं वाद घातला नाही, पण पूर्ण पटलंय असंही वाटलं नाही. इन्स्टॉलर आता आमच्या अंतर्गत सर्व्हरवर ठेवलेत, आणि नवी आवृत्ती आली की तिची सही ताडायचं काम लिंक टाकणाऱ्या सहकाऱ्यानं स्वतःहून मागून घेतलंय.