मुंबई–कोलकाता विमान: जाताना लवकर, येताना उशीर का?

मुंबईहून कोलकात्याच्या दमदम विमानतळापर्यंतचं सरळ हवाई अंतर साधारण १,६६५ किलोमीटर. रेल्वेने नागपूरमार्गे हावडा १,९६८. एअरबस ए-३२० विमान पूर्ण उंचीवर पोचल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे भागाकार करून दोन तास येतात. तिकिटावर मात्र जायला अडीच तासांच्या पुढे आणि यायला तीनच्या घरात वेळ दिसतो.

तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पलीकडे जागेवर उभं राहिलं की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी रांगेतच पंधरा-वीस मिनिटं जातात. शिवाय बहुतेक वेळा उड्डाण पश्चिमेकडे होतं. जायचंय पूर्वेला, पण विमान आधी समुद्रावर जाऊन वळसा घेणार! १०,००० फुटांखाली वेग २५० नॉटपर्यंतच (ताशी सुमारे ४६० किलोमीटर) ठेवावा लागतो. उतरणं सुरू होतं ते दोनशे किलोमीटर आधीपासून. उंचीच्या दर हजार फुटांना तीन सागरी मैल (सुमारे साडेपाच किलोमीटर), हा वैमानिकांचा ढोबळ हिशेब. चढण्या-उतरण्यात साधारण चारशे पंधरा किलोमीटर गेले की पूर्ण वेगाने कापायला उरतात साडेबाराशेच.

खरा फरक पडतो तो या टप्प्यात, वाऱ्यामुळे. हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेचा वारा जोरात असतो. तो ताशी ८० किलोमीटर धरा. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ९१० होतो आणि साडेबाराशे किलोमीटर ८२ मिनिटांत संपतात. येताना वेग उरतो ७५०, म्हणजे १०० मिनिटं. अठरा मिनिटांचा फरक इथेच पडला. पावसाळ्यात वरचा वारा पूर्वेकडून वाहू लागतो, तेव्हा हा फरक आटतो, कधी उलटतोही. वेळापत्रकात थोडी जास्तीची मिनिटं धरलेली असतातच, म्हणून उशिरा सुटलेलं विमानही पुष्कळदा वेळेवर पोचतं. त्यात कंपनीची कर्तबगारी फारशी नसते.

घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य तासभर पुढे. डिसेंबरअखेर कोलकात्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, मुंबईत सहानंतर. दुपारी दोनला निघालात तरी उतरून बाहेर पडेपर्यंत अंधारून येतं. पुढे गाडीने लांब जायचं असेल तर सकाळचंच विमान घ्या.

दमदमहून पुढे बागडोगरा (सिलिगुडीचा विमानतळ) किंवा पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) गाठायचं असेल आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर मधे किमान तीन तास ठेवा. सामान घेऊन बाहेर यायचं, पुन्हा चेक-इन, पुन्हा सुरक्षा तपासणी. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधीच बंद होतो. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी कालबैसाखीची वादळं येतात आणि विमानं वरच घिरट्या घालत राहतात. जानेवारीत पहाटे धुकं असतं. त्या दिवसांत तीन तासही कमी पडू शकतात, तेव्हा एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे काढलेले बरे.