गिझरचा टायमर आणि बोर्डात नसलेला न्यूट्रल

गिझरला टायमर किंवा वाय-फायचा स्विच बसवायचं मनात असेल, तर पैसे भरण्याआधी घराचा मेन बंद करा, बाथरूमबाहेरचा स्विचबोर्ड उघडा आणि आत न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, काळी वायर आलेली आहे का ते बघून घ्या. आली असेल तर तुमचं काम तासाभरात उरकेल. नसेल तर आमच्याकडे जे झालं तेच तुमच्याकडे होण्याची शक्यता आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

टायमर आम्हाला हवाच होता. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आल्याच्या बातम्या येतात, तेव्हा इकडे नाशिकला इंदिरानगरातही पहाटे नळाखाली हात धरवत नाही. सासूबाई कार्तिकात काकड आरतीला जातात, त्यांची अंघोळ साडेचारच्या आत उरकलेली लागते. यांची अंबडच्या कारखान्यात पहिली पाळी, कंपनीची बस सहाला नाक्यावर. म्हणजे गिझर लावायला रोज कुणीतरी चारला उठायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. नंतर सगळे आपापल्या कामाला लागले की गिझरचा लाल दिवा दुपारपर्यंत तसाच.

वाय-फायचा स्विच ऑनलाइन मागवला. डब्यावर ठळक अक्षरांत १६ अँपिअर आणि गिझरचं चित्र. आमचा गिझर २५ लिटरचा, २,००० वॉटचा, म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. हिशोब बरोबर होता. न्यूट्रल लागतो हे मात्र डब्यावर कुठेच नव्हतं. ते आतल्या घडी घातलेल्या कागदावर, बारीक आकृतीत. हेल्पलाइनला फोन केला तर दर वेळी एकच उत्तर, तुमच्या भागातल्या इलेक्ट्रिशियनला विचारा. इलेक्ट्रिशियनला विचारलं तर तो म्हणे, कंपनीला विचारा. या मधल्या जागेत आम्ही बरेच दिवस अडकलो आणि तो राग अजून गेलेला नाही. गिझरसाठी म्हणून विकता, तर न्यूट्रल लागतो हे एक वाक्य डब्यावर छापायला काय हरकत आहे?

अडचण नेमकी काय ते सांगते. साध्या स्विचचं काम फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, तोडायचं आणि जोडायचं. त्यामुळे वायरिंग करताना डीबीतून (घरातल्या मुख्य वीजपेटीतून) फेज आधी बाहेरच्या बोर्डात आणतात, स्विचमधून तो बाथरूममधल्या सॉकेटला जातो. न्यूट्रल डीबीतून परस्पर सॉकेटला नेतात. तो बोर्डात उतरवायची गरजच पडत नाही. त्याच बोर्डावरचे दिव्याचे आणि एक्झॉस्टचे स्विचही तसेच, नुसत्या फेजवर. टायमरचं तसं नाही. त्याच्या आत घड्याळ असतं, रिले म्हणजे विजेवर उघडझाप करणारा छोटा स्विच असतो, ते चालवायला त्याला स्वतःला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. ज्यांच्याकडे गिझरला मोठा डीपी स्विच आहे त्यांची सुटका आहे, कारण त्यातून दोन्ही वायरी जातात. आमच्याकडे साधा १६ अँपिअरचा स्विच होता.

आलेल्या पहिल्या वायरमनने बोर्ड उघडला, आत टेस्टर फिरवला आणि म्हणाला, "ताई, न्यूट्रल नाही. पण काळजी करू नका, अर्थिंगचाच न्यूट्रल करून टाकू."

बोर्डात हिरवी वायर होती. त्याने होल्डरमधला शंभरचा बल्ब काढला, एक टोक फेजला आणि दुसरं त्या हिरव्या वायरीला लावलं. बल्ब लागला. "बघा, जळतोय ना? टायमरला तर याचा शंभरावा हिस्साही करंट लागत नाही. सगळे असंच करतात."

मी नाही म्हणाले. मी इलेक्ट्रिकलची नाही, पण तीच हिरवी वायर पुढे जाऊन गिझरच्या टाकीला जोडलेली असते हे मला माहीत होतं. बाकी समजून घ्यायला मला पुढे वेळ मिळाला, आणि ते मी प्रत्येकाला सांगते. अर्थिंगची वायर ही बिघाड झाला तर करंट जमिनीत जावा म्हणून असते, रोजचा करंट वाहायला नसते. टायमरचं एक टोक फेजला आणि दुसरं अर्थिंगला जोडलं, आणि उद्या ती हिरवी वायर डीबीकडे जाताना कुठे तुटली किंवा स्क्रूतून सैल झाली, तर टायमरमधून आलेल्या फेजला जमिनीत जायला वाटच उरत नाही. तो टाकीच्या पत्र्यावर येऊन थांबतो. तिथून पाणी, नळ आणि ओल्या फरशीवर उभं असलेलं माणूस. टायमर मात्र अर्थिंग शाबूत असेपर्यंत व्यवस्थित चालतो, म्हणूनच कुणाला संशय येत नाही. "सगळे असंच करतात" हे वाक्य मला त्या दिवसांत इतक्या जणांनी ऐकवलं की किती घरांत हे असंच जोडलेलं असेल या विचाराने खरोखर भीती वाटते.

दुसऱ्याने सुचवलं, बेडरूमच्या बोर्डातून न्यूट्रल ओढू. ते अर्थिंगपेक्षा बरं वाटतं, पण तेही चूक. तो न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा. उद्या कुणी डीबीतला गिझरचा एमसीबी (त्या सर्किटचा फ्यूजसारखा स्विच) पाडून काम करायला बसला, तर त्याला वाटणार सगळं मेलेलं आहे, आणि दुसऱ्या सर्किटचा करंट त्या न्यूट्रलमधून चालूच असणार. शिवाय घरात सर्किटवार वेगवेगळे आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळाला तर वीज तोडणारे स्विच, असतील, तर एकाच्या फेजचा करंट दुसऱ्याच्या न्यूट्रलने परत गेला की ते ट्रिप व्हायला लागतात आणि कारण सापडता सापडत नाही.

शालिमारच्या बाजूला दुकानांतही विचारून आले. न्यूट्रल न लागणारे स्विच मिळतात, पण मी पाहिले त्या डब्यांवर दिव्या-पंख्यांचं रेटिंग होतं. दोन किलोवॉट त्यावर टाकायचे नाहीत. सॉकेटमध्ये लावायचा १६ अँपिअरचा टायमर-प्लगही दाखवला. सॉकेटमध्ये न्यूट्रल असतोच, त्यामुळे तो चालेल हे खरं. पण आमचं सॉकेट बाथरूमच्या आत, गिझरच्या खाली, थंडीत रोज वाफेने ओलं होणारं. तिथे इलेक्ट्रॉनिक वस्तू मला नको होती. कोरड्या जागी सॉकेट असेल तर जरूर विचार करा.

बोर्डापर्यंत नवी न्यूट्रल ओढायचा प्रयत्न झाला. वायर ओढायची स्प्रिंग पाइपात घातली, ती पॅसेजच्या वळणावर जाऊन अडली ती अडलीच. वर कुठेतरी पाइप दबलेला. मग भिंत फोडायची, टाईल पुन्हा बसवायची, रंग द्यायचा अशी बोलणी सुरू झाली आणि मी काम थांबवलं.

सुटका झाली ती सिडकोत राहणाऱ्या एका काकांमुळे. यांच्या कंपनीतल्या एकाने नाव सुचवलं. काकांचा जन्म अंबडला कंट्रोल पॅनलच्या वायरिंगमध्ये गेलेला. सातपूर-अंबडला स्विचगिअर आणि पॅनल बनवणाऱ्यांची काही कमी नाही, आणि तिथे हात बसलेली माणसं सिडकोच्या गल्ल्यांमधून राहतात. घरच्या वायरिंगमध्ये असं काही अडलं तर अशा माणसाला शोधा, हा माझा सगळ्यात मोलाचा सल्ला.

काकांनी बाथरूमच्या बोर्डाकडे नीट बघितलंही नाही. थेट डीबी उघडली आणि म्हणाले, "न्यूट्रल तिकडे कशाला न्यायचा? टायमरच इकडे आणा की." गिझरचा एमसीबी डीबीत वेगळा होता, त्याची अडीच स्क्वेअर मिलिमीटरची फेज तिथूनच निघत होती, आणि न्यूट्रलची पट्टी तर शेजारीच. तिथे टायमर बसवला की बाथरूमच्या बोर्डाला हातही लावायचा नाही. बाहेरचा जुना स्विच कायम चालू ठेवायचा, कधी पूर्ण बंद करायचा असला तर तो आहेच. इतकं सोपं उत्तर आधीच्या कुणालाही सुचू नये याचं मला अजून नवल वाटतं.

अर्थिंगची गोष्ट सांगितल्यावर काकांनी तोच शंभरचा बल्ब मागितला. आधी फेज-न्यूट्रलला लावला, लख्ख. मग क्षणभरच फेज-अर्थिंगला, तर पिवळट, मंद. नुसता बघितला असता तर "जळतोय ना" हे खरंच होतं. दोन्ही एकापाठोपाठ बघितल्यावर फरक लहान मुलालाही कळला असता. मीटरवर हे दिसत नाही, लोड लावल्यावरच दिसतं असं ते म्हणाले. इमारतीचा अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडलेला होता. सोसायटीकडून तो पुन्हा भरून घेतला, आता उन्हाळ्यात वॉचमन त्यात पाणी ओततो. ही बल्बची तपासणी घरी कुणी करू नका, ती करताना इमारतीतल्या बाकीच्यांच्या अर्थिंगवरही व्होल्टेज चढतं. परवानाधारक वायरमनला बोलवा आणि त्याच्याकडून करून घ्या.

डीबी जुनी, आठ वेची (आठ स्विचांच्या जागेची) आणि गच्च भरलेली. ती काढून बारा वेची बसवली. त्यात आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आला, कारण आमच्या घरात तो नव्हताच, आणि त्याच्याशिवाय गिझरला हात लावणार नाही असं काकांनी बजावलं होतं. मग डिन रेलवर, म्हणजे डीबीतल्या पट्टीवर, आठवड्याचा डिजिटल टायमर आणि त्याच्याशेजारी दोन पोलचा काँटॅक्टर, म्हणजे मोठा लोड तोडणारा-जोडणारा विजेवरचा स्विच. टायमरवर १६ अँपिअर लिहिलेलं असतानाही गिझरचा लोड त्याच्यावर टाकला नाही. टायमर फक्त काँटॅक्टरची कॉइल ओढतो, पाणी तापवायचा करंट काँटॅक्टरमधून जातो. टायमरच्या आतला छोटा रिले रोज नऊ अँपिअर तोडून-जोडून कधीतरी चिकटून बसतो आणि मग गिझर बंदच होत नाही, हे त्यामागचं कारण. प्रत्येक वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबलं, नंबरची रिंग घातली. ते काम बघताना मला फार समाधान वाटलं. काँटॅक्टरचा हलका गुणगुण आवाज येतो, तेव्हा डीबी झोपायच्या खोलीत असेल तर हे आधी लक्षात घ्या.

टायमरचं सेटिंग सोपं आहे, फक्त एक गोष्ट. आमच्या टायमरवर मधेच हाताने ऑन केलं आणि तसंच ऑटोवर आणलं, तर पुढची बंदची वेळ येईपर्यंत गिझर चालूच राहतो. आधी ऑफ, मग ऑटो, हा क्रम. वीज गेली तरी आतल्या बॅटरीवर घड्याळ चालू राहतं, राउटर सुरू असण्यावर काही अवलंबून नाही, म्हणून वाय-फायपेक्षा मला हाच जास्त आवडला.

वेळ किती ठेवायची ते गणितावर ठरवा. हिवाळ्यात पाणी १८ अंशांवरून ६० पर्यंत न्यायला २५ लिटरला साधारण सव्वा युनिट लागतं, म्हणजे दोन किलोवॉटच्या गिझरला पस्तीस-चाळीस मिनिटं. आम्ही पाऊण तास ठेवलाय. कार्तिकात साडेतीनला चालू, एरवी साडेचारला, सुट्टीच्या दिवशी सहाला. उन्हाळ्यात हे सगळं कमी करायचं. बोअरचं पाणी वापरत असाल तर गिझरमधल्या कॉइलवर क्षार चढतात आणि वेळ वाढतो, तेव्हा आधी गिझरची सर्व्हिसिंग करून घ्या. गिझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट मात्र काढायचा किंवा जोडून टाकायचा नाही. काँटॅक्टर अडकला तर पाणी उकळण्यापासून तोच वाचवतो, आणि त्याच्यामागे थर्मल कटआउट.

विजेचं बिल अर्ध्यावर येईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाणी तापवायला लागायची तेवढी वीज लागतेच. वाचते ती नुसतं चालू राहिल्यामुळे जाणारी. गिझरवरच्या स्टार लेबलवर चोवीस तासांत किती युनिट वाया जातात ते लिहिलेलं असतं, ते बघून अंदाज येतो. खर्च म्हणाल तर डीबी, आरसीसीबी, टायमर, काँटॅक्टर आणि मजुरी मिळून वाय-फाय स्विचच्या कितीतरी पट झाला. मला त्याचं काही वाटत नाही. पहाटे सासूबाई उठतात तेव्हा पाणी तयार असतं आणि मी साडेपाचपर्यंत झोपते.

वाय-फायचा स्विच पाकीट फोडलं म्हणून परत घेतला नाही. तो आता गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीतल्या दिव्यावर लावलाय, तिथल्या बोर्डात न्यूट्रल आहे. आणि एक सांगायचं राहिलं, आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून बघा. दाबल्यावर तो पडला नाही तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.