मराठी नाव नाकारणारा फॉर्म

ऑनलाइन फॉर्मच्या नावाच्या रकान्यात 'सुनीता' लिहिलं आणि खाली लाल अक्षरांत 'कृपया वैध नाव भरा' आलं, की भरणारीला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. चूक बहुतेकदा तपासणीच्या नियमात असते.

मराठी चालावं म्हणून कुणीतरी [अ-ह], म्हणजे 'अ ते ह मधलं कुठलंही अक्षर', एवढाच नियम लिहिलेला असतो. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीच्या, या पट्ट्यात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांतलं काहीच येत नाही. चाचणीला 'अजय', 'कमल' टाकून पाहिलं तर सगळं सुरळीत. सुनीता पहिल्याच उकाराला अडते. 'ॲ'सुद्धा या पट्ट्याबाहेर आहे, कारण तो युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला.

जावास्क्रिप्टमध्ये (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा) युनिकोडचे 'लेटर' (अक्षरं) आणि 'मार्क' (मात्रांसारख्या खुणा) हे दोन्ही वर्ग द्यावेत, नियमाला यू फ्लॅग (युनिकोड वर्ग चालू करणारी खूण) लावावा, मोकळी जागा आणि टिंब चालू द्यावं. नुसता 'लेटर' दिला तर मात्रा पुन्हा बाहेरच राहतात.

नाव साठवण्याआधी एनएफसी रूपात (युनिकोडचं ठरावीक जोडलेलं रूप) आणावं. 'ऱ' हा एकसंध किंवा र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा दोन प्रकारे टाइप होतो. एनएफसी त्यांना एक करतं. 'ॲ'चं मात्र तसं नाही! एकसंध ॲ आणि अ वर वेगळा चंद्र दिलेला अॅ दिसायला सारखे, पण एनएफसीनंतरही वेगळेच राहतात आणि शोधात नाव सापडत नाही. तिथे बदल आपणच करावा लागतो.

लांबीचंही पाहा. 'ज्ञानेश्वर' डोळ्यांना ४ अक्षरं, मॅक्सलेंग्थला (फॉर्मची लांबीची मर्यादा) १०, यूटीएफ-८ मध्ये (साठवण्याची नेहमीची पद्धत) ३० बाइट. ओरॅकल डेटाबेसमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर लांबी बाइटमध्ये मोजतात, म्हणजे ३० बाइटच्या रकान्यात आडनावाला जागाच उरत नाही.

मोबाइल क्रमांकात कुणी ९८ असं मराठीत लिहिलं तर जावास्क्रिप्टची अंकांची नेहमीची खूण (\d) ते ओळखत नाही, सर्व्हरवर चालणाऱ्या पायथॉनची ओळखते. म्हणून ब्राउझरमध्ये नाकारलेला क्रमांक सर्व्हरवर चालतो आणि चूक शोधणारा गोंधळतो. प्रत्येक मराठी अंकाच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा केले की अंकाची किंमत मिळते. तपासणीच्या आधी एवढं करावं, भरणाऱ्याला कीबोर्ड बदलायला लावू नये.