मथळ्यातला 'महाभियोग'

13 डिसेंबर 2021, सोमवार. परदेश पान जवळजवळ लागलं होतं आणि वृत्तसंस्थेची कॉपी आली: डेन्मार्कच्या माजी स्थलांतर मंत्री इंगर स्टॉयबेर्ग यांना 60 दिवसांची कैद. दोन कॉलमी बातमी. डेस्कवर मथळाही तयार झाला, 'महाभियोगात माजी मंत्री दोषी'. तो मी बदलायला लावला.

महाभियोग म्हटलं की आपल्या वाचकाला सभागृहातलं मतदान दिसतं. राज्यघटनेचं कलम 61, दोन तृतीयांश बहुमत, पदावरून हटवणं. बाईंचं मंत्रिपद तर 2019 मध्येच गेलेलं. संसदेनं, म्हणजे फोल्केटिंगनं, फेब्रुवारी 2021 मध्ये 141 विरुद्ध 30 मतांनी ठरवलं ते फक्त खटला भरायचं. निकाल रिग्सरेटचा. मंत्र्यांनी कारभारात केलेल्या गुन्ह्यांसाठीचं हे खास न्यायालय: निम्मे न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयाचे, निम्मे संसदेनं निवडलेले. या वेळी 26 जण बसले, 25 जणांनी दोषी ठरवलं. वर अपील नाही. याआधी 1995 मध्ये माजी न्यायमंत्री एरिक निन-हानसेन याच न्यायालयात दोषी ठरले होते, श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांच्या कुटुंबीयांचे अर्ज अडवून ठेवल्याबद्दल. जागा कमी पडली तर फोटो लहान करा, पण ही ओळ ठेवा, म्हटलं. मथळा शेवटी साधाच गेला: 'बेकायदा आदेशाबद्दल माजी मंत्र्याला कैद'.

खरी गोची गुन्ह्याच्या वर्णनात होती. कॉपीत एका ओळीत बसेल असं एकच वाक्य: बालवधूंना पतीपासून वेगळं ठेवलं. एवढंच छापलं तर वाचक विचारणार, मग यात चुकलं काय? चुकलं ते असं. 10 फेब्रुवारी 2016 ला मंत्रालयानं प्रसिद्धिपत्रक काढलं की आश्रय मागणाऱ्या जोडप्यात एक जण 18 वर्षांखालील असेल तर दोघांना एकत्र ठेवायचं नाही. अपवाद नाही. अल्पवयीनांचं रक्षण हा गुन्हा नव्हताच; प्रत्येक जोडप्याचं म्हणणं न ऐकता सरसकट आदेश देणं हा होता. त्यानं युरोपीय मानवाधिकार कराराचं कलम 8, कौटुंबिक जीवनाचा हक्क, मोडलं. अधिकाऱ्यांनी हे बेकायदा ठरेल असं आधी सांगितलंही होतं. 23 जोडपी वेगळी केली गेली. प्रकरण फुटलं ते एका जोडप्यानं लोकपालाकडे तक्रार केल्यावर. हा परिच्छेद वाढवला आणि खालची प्रतिक्रिया उडवली.

नावाचं वेगळंच. वृत्तसंस्थेच्या तारेवर येताना आडनावातल्या (Støjberg) 'ओ'वरची तिरपी रेघ गळते, म्हणून आपल्याकडे 'स्टोजबर्ग' छापलं जातं. डॅनिशमधला 'जे' म्हणजे आपला 'य'.

'तुरुंगात रवानगी' हे शब्दही काढले. एवढी छोटी शिक्षा तिथे पायात इलेक्ट्रॉनिक कडं घालून घरी भोगता येते, आणि पुढे तसंच झालं.

मग कुणीतरी विचारलं, खासदारकी गेली का? आपल्याकडे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं सर्वसाधारणपणे दोन वर्षांची शिक्षा झाली की ती आपोआप जाते. 60 दिवसांत काही झालं नसतं. तिथे दिवसांची अट नाही, सदस्य 'अपात्र' झाला का हे सभागृहच ठरवतं. म्हणून त्या रात्री 'खासदारकीवर संसद निर्णय घेणार' एवढंच ठेवलं. 21 डिसेंबरला 98 विरुद्ध 18 मतांनी त्यांना बाहेर काढलं. सहा महिन्यांनी त्यांनी नवा पक्ष काढला आणि 1 नोव्हेंबर 2022 च्या निवडणुकीत 179 पैकी 14 जागा घेऊन त्या परत आल्या. निवडणुकीच्या रात्रीच्या कॉपीतही 'स्टोजबर्ग'च होतं.