तुम्ही विचारलंत म्हणून : समाजवादी शहरं सगळी सारखीच का?

नगररचनेवर कुठेही बोलायला गेले की शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो. पुण्यात विचारतात, नाशकात विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनी विचारला. "मॅडम, ते रशियातले राखाडी डबे, समाजवादी नगररचना म्हणजे तेच ना? सगळीकडे एकच इमारत छापल्यासारखी?"

पंगतीत देता येईल एवढं उत्तर असं: डबे बनवायचं तंत्र बरंचसं फ्रान्सचं आणि ते मांडायची कल्पना निम्मी अमेरिकेची. त्या शहरांत खरोखर समाजवादी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे जमिनीला किंमत नव्हती. बाकीचं बरं आणि वाईट बहुतेक सगळं तिथून आलं.

पण काकांनी डब्यांबद्दल विचारलं होतं, तर आधी डबेच घेऊ.

स्टालिनच्या काळात मॉस्कोत ज्या इमारती उठल्या त्या मुळीच सारख्या किंवा साध्या नव्हत्या. खांब, कमानी, उंच छत, वर कळस. फक्त त्या मोजक्यांच्या वाट्याला यायच्या. बाकीचं शहर 'कोमुनाल्का'त राहायचं: क्रांतीआधीच्या एखाद्या मोठ्या फ्लॅटमध्ये खोलीगणिक एक कुटुंब, स्वयंपाकघर आणि संडास सगळ्यांत मिळून एक. त्यातही ज्यांना जागा नव्हती ते बराकीत आणि तळघरात. युद्धाने शहरंच्या शहरं जमीनदोस्त केली तेव्हा ही टंचाई पार हाताबाहेर गेली. डिसेंबर 1954 मध्ये स्टालिननंतर पक्षाचा प्रमुख झालेल्या ख्रुश्चेवने बांधकामवाल्यांच्या परिषदेत वास्तुरचनाकारांना चांगलंच फैलावर घेतलं: लोकांना घरं हवी आहेत आणि तुम्ही कळस कसले चढवताय? पुढच्या वर्षी 'अतिरेका'विरुद्ध फर्मान निघालं, आणि 1957च्या जुलैमध्ये ठराव झाला की दहा-बारा वर्षांत घरटंचाई संपवायची. ती संपली नाही. पण कोट्यवधी लोकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालं.

ते दार म्हणजे 'ख्रुश्चोव्का'. विताली लागुतेंको या अभियंत्याच्या मॉस्कोतल्या नमुन्याचं नाव के-7. पाच मजले, कारण त्याहून उंच गेलं की लिफ्ट द्यावी लागे. छत साधारण अडीच मीटरवर, स्वयंपाकघर पाच-सहा चौरस मीटरचं, न्हाणी-संडास एकत्र. भिंती कारखान्यात ओतायच्या आणि जागेवर आणून जोडायच्या. सारखेपणाचं एक कारण अगदीच यांत्रिक आहे. टॉवर क्रेन रुळांवरून सरकायची. रूळ एकदा टाकले की दोन्ही बाजूंना लांबलचक समांतर इमारती उभ्या करणं सगळ्यात स्वस्त पडायचं, वळलं की खर्च. तुम्हाला फोटोत ज्या कंटाळवाण्या रांगा दिसतात, त्यांतल्या कित्येक क्रेनच्या सोयीने आखलेल्या आहेत. कारखान्याचं यशही वर्षाला किती चौरस मीटर बाहेर पडले यावरच मोजलं जायचं. साचा बदलायचा म्हणजे काही महिने उत्पादन बंद, आणि ते कोण कशाला ओढवून घेईल?

आता फ्रान्स. युद्धानंतर रेमों कामू या फ्रेंच अभियंत्याने मोठ्या काँक्रीट पॅनेलांनी घरं उभारायची पद्धत बसवली. सोव्हिएत संघाने 1950च्या दशकाच्या अखेरीस ती यंत्रसामग्री विकत घेतली आणि तिचे कारखाने ताश्कंद नि बाकूला गेले. पॅरिसच्या उपनगरांत त्याच काळात तसेच ठोकळे उठत होते. त्यांना कुणी समाजवादी म्हटलं नाही.

आणि कंटाळवाणं म्हणजे कुणाला? वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत सहा-सात माणसं आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, अशा घरात वाढलेल्या कुणालाही हा प्रश्न विचारून पाहा. दोन खोल्या, आतला नळ, आतला संडास आणि भाडं जवळपास नगण्य म्हटल्यावर तो इमारतीच्या रंगाबद्दल तक्रार करेल असं मला वाटत नाही. भाड्याचे दर 1928 साली ठरले, ते जवळजवळ सोव्हिएत संघ संपेपर्यंत तसेच राहिले.

या इमारती ज्या रचनेत बसवल्या तिला 'मिक्रोरायोन' म्हणत. काही हजार वस्तीचा एक तुकडा. आतून मोठा रस्ता जाणार नाही, बालवाडी आणि शाळा पायी चालत जाता येईल अशा अंतरावर, आणि मुलाने शाळेला जाताना वाहतुकीचा रस्ता ओलांडायचा नाही. रोज लागणाऱ्या गोष्टी वस्तीत, आठवड्याने लागणाऱ्या जरा पुढे, कधीमधी लागणाऱ्या शहराच्या मध्यात, अशा पायऱ्या ठरलेल्या. शाळा केंद्रस्थानी धरून वस्ती आखायची ही कल्पना क्लॅरन्स पेरी या अमेरिकन माणसाने 1920च्या दशकातच मांडली होती. ती चंडीगढला आली, आमच्या भिलाईलाही आली. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याच्या गावात मी वाढले. तिथे मराठी घरं पुष्कळ. शाळा, बाजार, मैदान सगळं आपापल्या सेक्टरमध्ये. त्यात काही विशेष आहे हे पुण्यात येऊन डेव्हलपमेंट प्लॅन वाचायला लागल्यावर कळलं.

आपल्या डीपीतही शाळा आणि बाग असतेच, हिरव्या-पिवळ्या रंगात, कागदावर. अशी राखून ठेवलेली, म्हणजे आरक्षणाखालची, जमीन मात्र कुणाची तरी असते आणि तिला भाव असतो. महापालिकेकडे तेवढे पैसे नसतात. दहा वर्षं उलटली की महाराष्ट्राच्या 1966च्या नगररचना कायद्याच्या कलम 127खाली मालक नोटीस देतो, मुदतीत काही हाललं नाही की आरक्षण रद्द होतं, आणि शाळेच्या जागी टॉवर येतो. आराखडा काढणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

हा अडथळा मुळातच नसेल तर शहर कसं आखाल? रशियात क्रांतीनंतर ऑगस्ट 1918च्या फर्मानाने शहरी जमिनीची आणि मोठ्या शहरांतल्या घरांची खाजगी मालकी संपली, तेव्हा तिथल्या लोकांपुढे नेमका हा प्रश्न आला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मजेची वर्षं 1929 आणि 1930 ही आहेत. साब्सोविच नावाचा अर्थतज्ज्ञ म्हणत होता, हजारो माणसं मावतील अशी सामुदायिक घरं बांधा, स्वयंपाक, धुणं, मुलं सांभाळणं सगळं सार्वजनिक करा, म्हणजे बायका चुलीतून सुटतील. ओखितोविच हा समाजशास्त्रज्ञ उलट टोकाला होता. त्याला शहरच नको होतं. वीज आणि मोटार आली आहे, मग गर्दी कशाला? रस्त्यांच्या कडेने हलकी, उचलून नेता येतील अशी घरं पसरू द्या. या दोघांच्या मधला मिल्युतिन. हा वास्तुरचनाकार नव्हता, अर्थखात्याचा माणूस. त्याने समांतर पट्टे सुचवले: रेल्वे, कारखाने, मग झाडांचा रुंद पट्टा, मग घरं, मग बागा. वारा कुठून वाहतो ते पाहून पट्टे लावायचे, म्हणजे धूर घरांवर यायचा नाही आणि कामगार झाडांतून चालत कामावर जाईल.

मे 1930 मध्ये कम्युनिस्ट पक्षाने ही स्वप्नं बंद करायला सांगितली. पुढच्या वर्षी स्टालिनच्या जवळचा पक्षनेता कागानोविच याने वादच मिटवला: मालकी संपली त्या दिवशीच आमची शहरं समाजवादी झाली, आता चर्चा कसली? ओखितोविचला 1935 साली अटक झाली आणि दोन वर्षांनी तो छावणीत मेला. शहर विरघळवू पाहणाऱ्याची ही गत झाली, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं जरा वेळ लिहायची थांबतात.

वाऱ्याचं काय झालं ते मॅग्निटोगोर्स्कला पाहावं. उरलच्या लोखंडाच्या डोंगराशी शून्यातून वसवायचं शहर. जमीन मोफत, मालक एकच, बाजार नाही. नगररचनाकाराला याहून काय हवं? फ्रँकफर्टमध्ये कामगारवसाहती बांधून नाव कमावलेला अर्न्स्ट माय 1930 साली आपली तुकडी घेऊन आला. घरोघरच्या फिटेड किचनची मूळ आखणी करणारी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की त्यात होती. पण कारखान्याची जागा आणि धरणाच्या तलावाची हद्द त्याच्या आधीच ठरली होती. कामगार तंबूत नि बराकीत, आणि नव्या इमारती नेमक्या धुराच्या टापूत. माय 1933 साली निघून गेला. पुढे शहर नदीपलीकडे, उजव्या तीरावर वाढवावं लागलं.

मला या कथेतून दिसतो तो मालकीचा प्रश्न. जमीनदार गेला म्हणून आराखड्याची सत्ता आली असं झालं नाही. पैसा अवजड उद्योगाच्या खात्याकडे होता, आणि त्यांना पोलाद हवं होतं. घरं कारखान्यांची, बालवाड्या कारखान्यांच्या, सुट्टीत जायची विश्रामगृहंसुद्धा कारखान्यांची. वस्तीत आधी घरं उठायची आणि दुकानं, दवाखाना वर्षानुवर्षं रखडायचा, कारण दवाखान्याने उत्पादनाचा आकडा वाढत नाही. भिलाईतही क्वार्टर नोकरीबरोबर मिळायचं आणि नोकरीबरोबरच जायचं.

जमिनीला भाव नसल्याचा आणखी एक परिणाम नकाशावर दिसतो. आलाँ बर्तो या फ्रेंच नगररचनाकाराने 1990च्या दशकात मॉस्कोच्या दाटीचा अभ्यास केला. जगातल्या बहुतेक शहरांत मध्यातून बाहेर जावं तशी वस्ती विरळ होते. मॉस्कोत ती बाहेर वाढत जात होती. मधल्या भागात जुने कारखाने तसेच बसलेले, आणि नवी माणसं मात्र दर दशकाला आणखी दूरच्या, आणखी उंच इमारतींत. उद्योगांनी शहराची जवळपास 30 टक्के जागा अडवली होती. कारखान्याला जागेचं भाडं द्यावं लागत नाही म्हटल्यावर तो हलेल कशाला? झीलचा मोटार कारखाना 1916 पासून जवळजवळ शंभर वर्षं शहराच्या पोटात राहिला. गिरणगावात आपण याच्या बरोब्बर उलटं पाहिलं. 1982च्या संपानंतर गिरण्यांपेक्षा गिरण्यांखालची जमीन महाग ठरली आणि त्या जागेवर मॉल आले. एका ठिकाणी भाव नसल्यामुळे काहीच हललं नाही, दुसऱ्या ठिकाणी भावाने माणसांनाच हलवलं.

भाव नसेल तर माणसं आवरायची कशी? परवान्याने. 1932 साली अंतर्गत पासपोर्ट आला आणि त्यावर राहत्या गावाची नोंद, 'प्रोपिस्का'. ती नसेल तर मॉस्कोत राहता येत नाही, घराच्या यादीत नाव लागत नाही. 1935च्या आराखड्याने मॉस्कोची लोकसंख्या 50 लाखांवर रोखायचं ठरवलं होतं. रोखली गेली नाही, कारण त्याच मॉस्कोतल्या कारखान्यांना माणसं हवी असायची. 'तिथे झोपडपट्टी का नाही?' असं कुणी कौतुकाने विचारलं की मी ही बाजूही सांगते. मुंबईत येऊ नको असं कायद्याने कुणी म्हणत नाही. राहा कुठेही, एवढंच म्हणतात.

सारखेपणाचा आणखी एक पुरावा तपासायचा असेल तर ताश्कंदला जा. मराठी माणसाला हे नाव 1966च्या जानेवारीमुळे माहीत. भारत-पाकिस्तान वाटाघाटींसाठी गेलेले शास्त्रीजी तिथेच वारले, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणही त्या वाटाघाटींना होते. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 26 एप्रिलला पहाटे भूकंप झाला. केंद्र अगदी शहराखाली, आणि मातीची घरं कोसळून लाखो लोक उघड्यावर आले. सगळ्या सोव्हिएत प्रजासत्ताकांतून बांधकाम तुकड्या आल्या आणि शहराचा मोठा भाग पुन्हा उभा केला. तेच पॅनेल, तेच साचे. पण तिथल्या उन्हात मॉस्कोची खिडकी चालणार नव्हती, म्हणून बाल्कन्यांपुढे काँक्रीटच्या जाळ्या आल्या, आणि खिडक्या नसलेल्या बाजूभिंतींवर झारस्की बंधूंनी मोझेकचे प्रचंड पट रचले. मी चिलंझार भागात फिरले तेव्हा दोन भिंती एकसारख्या सापडेनात. अर्थात अंगणाभोवतीच्या घरात तीन पिढ्यांनी राहणाऱ्या उझबेक कुटुंबांना दोन खोल्यांचा फ्लॅट कितीही सजवला तरी पुरणार नव्हता. जुन्या महल्ल्यांतून अनेक जण हललेच नाहीत.

आणि त्या डब्यांचं आता काय? 1991च्या कायद्याने रशियात राहत्या माणसाला फ्लॅट फुकट नावावर करून घेता आला. जमिनीलाही भाव आला. 2017 साली मॉस्को महापालिकेने पाच हजारांहून जास्त जुन्या इमारती पाडून तिथे टॉवर उभारायचं जाहीर केलं. इमारतीतल्या दोन तृतीयांश लोकांचा होकार लागणार होता, आणि पुष्कळ इमारतींनी तो दिला, नवं घर कुणाला नको? पण त्या मे महिन्यात हजारो लोक विरोधात रस्त्यावरही उतरले. त्यांचं म्हणणं मला आपल्याकडच्या पुनर्विकासाच्या मीटिंगांत ऐकल्यासारखं वाटलं: पाच मजल्यांच्या जागी वीस मजले आले तर मधली झाडं कुठे जाणार, आणि शाळा तेवढीच राहणार का?