नोंद ६: डाव चालू असताना बुद्धिबळाच्या इंजिनानं आकडा सांगावा का?

बॉटचं, म्हणजे चाली शोधणारा प्रोग्राम (इंजिन) ज्यावरून खेळतो ते, खातं अखेर तयार झालं. लिचेस या ऑनलाईन बुद्धिबळाच्या साइटवर त्यासाठी एकही डाव न खेळलेलं नवं खातं लागतं, माझे दोन दिवस त्यातच गेले. संध्याकाळी लाईन जाते, म्हणून जुन्या लॅपटॉपवर इंजिन नऊनंतरच लावतो.

इंजिन विचार करताना यूसीआय या इंजिनांच्या ठरलेल्या भाषेतल्या 'इन्फो' ओळींत खोली (किती चाली पुढचं बघितलं), गुण (कोण किती वरचढ) आणि पुढच्या चाली छापत असतं. गुण सेंटीपॉनमध्ये असतात, १०० सेंटीपॉन म्हणजे एक प्यादं. समोरच्याला हे आपोआप दिसत नाही. पाठवायचं की नाही, ते आपली स्क्रिप्ट ठरवते. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या गावात पट मांडणारी पोट्टी वाढली आहेत. त्यांना शिकायला बरं, म्हणून मी चाली न देता नुसता गुण खेळाडूच्या चॅटमध्ये टाकू लागलो.

बुधवारी शेजारचा नववीतला पोरगा बसला. दहा-दहा सेकंदांत चाली करत होता. २१व्या चालीला इंजिन प्यादं खायला गेलं. पुढच्या चालीला थोडं खोल गेल्यावर त्याला कळलं की आपला घोडा अडकला. इंजिनाच्या बाजूचा आकडा, प्याद्यांत, +०.४ वरून थेट −२.१, म्हणजे आता पोरगा वरचढ. पोरगा थबकला, चार मिनिटं पटाकडे बघत राहिला आणि उंटाची नेमकी चाल त्याला सापडली. डाव जिंकला.

"काका, आकडा पडला तवाच समजलं, इथं काही तरी हाये." मग हळूच, "म्हंजे मी नाही ना जिंकलो?"

मला उत्तर देता आलं नाही. कोडं सोडवताना उत्तर आहे हे आधीच माहीत असतं. डावात कुठे थांबायचं हे स्वतःला ओळखावं लागतं, आणि तेच सगळ्यात अवघड. माझ्या आकड्यानं नेमकं तेच काम त्याच्याकडून काढून घेतलं.

जुन्या इंटरनेट चेस सर्व्हरांवर हा भेद होताच: 'किबिट्झ' सगळ्यांना, 'व्हिस्पर' फक्त बघणाऱ्यांना. लिचेसवरही बॉटला प्रेक्षकांची चॅट वेगळी मिळते. गुण आता तिकडे जातो, तोही तीन चाली उशिरा, कारण इथे खेळणारा आणि बघणारा एकाच बाजेवर बसलेले असतात. इंजिन विरुद्ध इंजिन असेल तर उशीर काढून टाकतो. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेत दोन्ही बाजूंचे आकडे थेट दाखवतात, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

शनिवारी त्याच पोराशी पुन्हा डाव झाला, आकड्याविना. हरला. मग आम्ही सगळे गुण ओळीनं वाचले. २६व्या चालीला त्याला संधी होती. तिथं तो सहा सेकंद थांबला होता.