खामोशची दुसरी सीडी

डोंबिवलीतली आमची व्हिडीओ लायब्ररी मे २०११ मध्ये बंद झाली, त्या शेवटच्या आठवड्यातली ही गोष्ट. काउंटरला मी ९ वर्षं होतो, म्हणजे कॅसेट जाऊन सगळं सीडीवर आलं तिथपासून ते एका कंपनीने २८ रुपयांत नवी कोरी व्हीसीडी विकायला काढली आणि मग १० रुपये भाडं देऊन घासलेली सीडी कोण नेणार, इथपर्यंत सगळं बघून झालं होतं. शेठने बाहेर पाटी लावली होती, कुठलीही सीडी १५ रुपये.

चालणारे पिक्चर दोन दिवसांत उचलले लोकांनी. उरले ते नेहमीचेच यशस्वी. बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला', सगळा पिक्चर एका खोलीत, मला जाम आवडायचा पण लोक म्हणायचे गाणी कुठायत. 'एक होता विदूषक'चं तर वेगळंच, कव्हरवर लक्ष्या दिसला की लोक पोरंबाळं घेऊन बघायला बसायचे आणि सकाळी तोंड पाडून परत आणून द्यायचे. पुलंनी लिहिलाय, जब्बार पटेलांचा आहे, असं मी आधी सांगायचो तरी न्यायचे, मग मला ऐकवायचे.

तर दुपारी साधारण तीनला एक काका आले. साठीचे, खांद्याला शबनम. रद्दीवाला आत पोती भरत होता. काकांनी शबनममधून प्लास्टिकच्या पाकिटातल्या दोन सीड्या काढून काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाले, "हे २००३ सालचं आहे, द्यायचं राहिलं. पण आधी मला सांग खून कोणी केला."

मी सीड्या उलटून बघितल्या. एकीवर मार्करने 'खामो-१', दुसरीवर 'खामो-२'. अक्षर माझंच. आणि पोटात गोळाच आला कारण मला लगेच कळलं काय झालं होतं ते.

व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपासच मावायचं, त्यामुळे प्रत्येक पिक्चरच्या दोन नाहीतर तीन सीड्या, आणि पहिली संपायची ती भर सीनमध्ये, पात्राचं तोंड उघडं असताना. चोरी होऊ नये म्हणून पुढे रॅकला नुसती कव्हरं आणि सीड्या मागे पाकिटात. नावं मी लिहायचो. आता 'खामोश' म्हणजे विधू विनोद चोप्राचा १९८५ चा, पहलगामला शूटिंग चाललेलं असतं, शबाना आझमी, अमोल पालेकर, सोनी राजदान स्वतःच्याच नावाने आहेत त्यात, आणि हिरोइनीतली एक मरते, आत्महत्या की खून असा मामला. आणि 'खामोशी' म्हणजे भन्साळीचा १९९६ चा, गोव्यातला, नाना आणि सीमा बिस्वास मुकबधीर आईबाप. दोन्हींवर मी 'खामो' लिहून मोकळा!

"अरे मला वाटलं फ्लॅशबॅक आहे," काका म्हणाले. "पाऊण तास बघितलं. म्हटलं आता हा नाना पहलगामला जाईल, मग जाईल. शेवटी बायको म्हणाली अहो झोपा." दुसऱ्या दिवशी बदलून घ्यायला येणार होते, पण नागपूरला बदलीची ऑर्डर आली आणि त्या गडबडीत सीड्या सामानात गेल्या.

इकडे 'खामोशी' नेणाऱ्या एका काकूंनी मला झापलं होतंच, गाणी चालू होती आणि मधेच डोंगरात पोलीस कुठून आले म्हणून. ती सीडी मी तेव्हाच काढून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकली होती, जोडीदार हरवलेल्या सीड्यांचा डबा होता तो.

मी काकांना म्हटलं, नेटवर नाव टाकलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं की. तर म्हणाले, "मला कळायचं नाहीये, बघायचंय."

डबा पोत्यात जायच्या बेतात होता. उपसला. खालून तिसरी. काउंटरवरच्या प्लेयरला लावली तर पाच मिनिटांत हिरवे चौकोन आणि अडकली. काढून वाफ दिली, शर्टाच्या टोकाने मधून बाहेरच्या दिशेने पुसली (लोक गोल गोल पुसतात, तिथेच वाट लागते) आणि परत लावली. चालली. काका उभ्याउभ्या बघत होते, स्टूल दिलं तर बसले नाहीत. मी तो पिक्चर कधी बघितलाच नव्हता, त्यामुळे काका मधूनमधून मला पहिली सीडी सांगत होते, आठ वर्षांनी सुद्धा कोण कुठे उभं होतं ते सगळं पाठ. रद्दीवाला पण पोतं टाकून दारात थांबला. खुनी कळला तेव्हा काका एवढंच म्हणाले, "मला वाटलंच होतं," आणि रद्दीवाला म्हणाला, "मला नव्हतं वाटलं."

मग काकांनी पाकिटातून पिवळी पडलेली पावती काढली, ३०० रुपये डिपॉझिटची. शेठने कॅल्क्युलेटर ओढला, ५ रुपये रोज लेट फी, आठ वर्षं, १४ हजारावर आकडा गेला. मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी ती चुकीची 'खामो-२' शेठपुढे सरकवली. शेठने गल्ल्यातून शंभरच्या तीन नोटा काढल्या, मग त्यातून १५ रुपये परत मागून घेतले, पिक्चरचे.